पाठमोऱ्या विमलताई

आमच्यापैकी कुणी वजन उचलायला वाकलं, की विमलताई पाठ फिरवायच्या. नव्या बाईला हा अपमानच वाटे. आपण घाम गाळायचा आणि मास्तरीणबाई खिडकीतून राजरोस रहदारी बघत उभ्या! पहिल्या दिवशी मीही मनातून चिडले होते. जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभी राहिले, खाली ठेवला, तेव्हा लोखंड खणकन वाजलं. खिडकीकडून आवाज आला, "आपटून काहून राहिली वं? तुयं उचलनं नाही पाह्यत मी, ठेवनं आयकतो."

अमरावतीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ताईंची बायकांची व्यायामशाळा होती. शाळेत पीटी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. ठेंगण्या, सलवार-कमीज, घट्ट अंबाडा आणि पायांत मुलाचे जुने बूट. गोड बोलणं त्यांच्या घराण्यातच नसावं. "ताई, आज वजन वाढवू का?" असं कुणी लाडात येऊन विचारलं की उत्तर ठरलेलं, "शेवटचं ठेवनं पह्यल्यासारखं झालं का? नाही ना? मंग?" त्या 'मंग'पुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

हे शास्त्र त्या बार्शीटाकळीकडच्या मळ्यात शिकल्या होत्या. वडील भाजीपाला लावत आणि टमाट्यांची कॅरेट पोरींनीच बांधापर्यंत आणायची. "बाप पह्यले अर्धंच कॅरेट दे. ठेवलं का खालचं टमाटं काढून पाहे. चिरलेलं निघालं तं दुसऱ्या दिवशीबी अर्धंच. मी रडो, का मोठ्या बहिनीले भरलेलं देतं, मले काहून नाही? उचलाले कोनीबी उचलते, बाई. ठेवाले ताकद लागते."

मला मात्र घाई होती. आईची डावी बाजू लुळी पडली होती. तिला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायला रोज सकाळी एक माणूस यायचा. भला माणूस होता बिचारा. पण परक्या पुरुषाने काखेत हात घालायचा, हे आईला सोसत नसे. तो आला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि तो जाईपर्यंत उघडायची नाही. माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. आईला आपणच उचलायचं, एवढ्यासाठी पन्नाशी उलटल्यावर मी तो जिना चढले होते.

आईला उचलायला ताईंनी अजून होकार दिला नव्हता, तरी दंडात जोर आल्यासारखा वाटू लागला. एका रविवारी तो माणूस आला नाही. मी आईला उचललं, आणि छान उचललं! बसवताना मात्र माझे गुडघे सुटले नि आई खुर्चीत धाडकन आदळली. लागलं नाही फारसं, पण ती लहान मुलीसारखी रडायला लागली. "तो मानूसच बरा वं. तुया हातात मले भेव लागते."

दुसऱ्या दिवशी ताईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता सालटं काढतील. त्यांनी चहा मागवला, माझा होईपर्यंत थांबल्या, मग रॉडवरच्या चकत्या स्वतः उतरवल्या. "अर्धं कॅरेट," म्हणाल्या. "झोपलं लेकरू पाळन्यात कसं ठेवतं? तसं ठेव."

त्यानंतर कित्येक महिने मी खाली ठेवायलाच शिकत होते. शेवटच्या खेपेला मांड्या लटपटत, रॉड हातातून सुटू बघे, आणि खिडकीशी ती आडमुठी पाठ कान देऊन उभी असे. लागोपाठ दोन दिवस आवाज आला नाही, तर त्या न वळता म्हणायच्या, "लाव लहानी चकती." शाबासकी म्हणायची ती एवढीच. पण घरी जाताना मी रस्ताभर गुणगुणत असे.

मग त्यांच्याच गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. निरोपाला आम्ही डोळे पुसत होतो आणि त्या, "मेली नाही मी, अकोल्याले चालली!" म्हणून ओरडत होत्या. मी विचारलं, "ताई, आता चकती कधी लावायची ते कोण सांगणार?"

"तुयी माय सांगन," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून जिना उतरल्या. मला त्यांचा रागच आला. आई तर मला हात लावू देत नव्हती. तरी हॉलवर जाऊन रॉड खाली ठेवणं मी सोडलं नाही.

या दिवाळीत तो माणूस गावी गेला. आईचा नाइलाज झाला. "पाडशीन मले," ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटले. मी तिला उचललं, वळले, आणि सावकाश वाकत गेले. मांड्या भरून आल्या, घाम डोळ्यांत उतरला, पण घाई केली नाही. हात सोडवून घेतले, तिचा पदर नीट केला, पाय खुर्चीच्या पायरीवर टेकवले.

आईचे डोळे मिटलेलेच. जरा वेळाने तिने दबकत विचारलं, "ठेवलं का वं खाली?"

अकोल्याला फोन लावला तेव्हा माझ्याने धड बोलवेना. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"रडतं काहून मंग?" त्या म्हणाल्या. "लाव लहानी चकती."