अकरा सह्या

ऑफिसातल्या हजेरीमावशींना सगळं कॉलेज दबकून असे. प्राचार्यांनी फाईल मागितली तरी "बघते" म्हणायच्या आणि दुपारपर्यंत बघतच बसायच्या. पण पीएच.डी.चं एखादं पोर खिडकीशी आलं, की हातातलं काम बाजूला. एकाचा फॉर्म भरून दे, दुसऱ्याचे सर सहीला सापडत नाहीत म्हणून त्यांना जिन्यातच गाठ, तिसऱ्याला दटावून जेवायला पाठव. अशी बावीस मुलं होती. त्यांची खरी नावं रजिस्टरात. मावशींच्या तोंडी ज्याचा जो विषय तेच त्याचं नाव. गंजवाला, बुरशीवाला, मुंग्यावाली.

या मुलांनी रोज साडेदहाच्या आत ऑफिसात येऊन सही करायची, असा नियम होता. सलग तीन दिवस रकाना रिकामा राहिला, की मावशींनी हॉस्टेलला फोन करून चौकशी करायची. मावशींना हा शुद्ध जाच वाटे. मान मोडून काम करणाऱ्या पोरांनी एका सहीसाठी तीन जिने उतरायचे? शाळेत आहेत का ती? म्हणून सह्या त्याच करून टाकत. बावीसच्या बावीस सह्या त्यांच्या हातात बसल्या होत्या. चहा संपला की पेन उचलायचं, पाच मिनिटांत सगळे हजर! यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. उलट पोरांना आपलाच काय तो आधार, असंच त्या समजत.

मंगळवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. मुंग्यावालीची आई बोलत होती.

"ताई, पोरगी फोन उचलत नाहीये हो. आधी 'कामात आहे' एवढा मेसेज तरी यायचा, चार दिवस तोही नाही. कॉलेजात येते ना ती?"

"अहो, येते की! एक दिवस चुकवत नाही. हे बघा, रजिस्टर पुढ्यातच आहे माझ्या. आजचीसुद्धा सही आहे."

"हुश्श! जिवात जीव आला," आई म्हणाली. "सही आहे म्हणजे धडधाकट आहे." आणि तिनं फोन ठेवला.

मावशींचं बोट सहीवरच होतं. ती सही त्यांनी अर्ध्या तासापूर्वी स्वतः केली होती. कालची त्यांचीच. शनिवारचीही. पोरीला डोळ्यांनी शेवटचं कधी पाहिलं, ते काही केल्या आठवेना. 

तीन जिने त्या कशा चढल्या कोण जाणे. प्रयोगशाळेच्या खिडकीत मुंग्यांच्या काचेच्या पेट्या होत्या. साखरपाण्याचे कापसाचे बोळे वाळून खडखडीत झाले होते आणि कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा ढीग साचला होता.

"ती ना?" शेजारच्या टेबलावरचा गंजवाला म्हणाला. "बारा-तेरा दिवस झाले असतील, मावशी. सरांनी तिच्या प्रबंधाचं प्रकरण तिसऱ्यांदा परत केलं, 'यात नवीन काय आहे?' म्हणून. त्यानंतर आलीच नाही. मला वाटलं, घरी गेली."

रविवार सोडून मावशींनी मनात हिशेब केला. अकरा सह्या.

हॉस्टेलच्या बाई त्यांना बघून गडबडल्या. "कॉलेजकडून काही निरोप नाही, म्हणजे येत-जात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो," त्या म्हणाल्या. मावशी तशाच पुढे निघाल्या. वऱ्हांड्याच्या टोकाची खोली होती आणि दार आतून बंद होतं. मावशींनी हाका मारल्या, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून आवाज येईना. पोरगी गेली, आणि मीच तिला घालवलं, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

मुंग्यावाली भिंतीला धरून उभी होती. डोळे खोल गेलेले, केसांच्या जटा झालेल्या, ओठ फुटलेले. खाटेखाली बिस्किटांचे रिकामे पुडे पडले होते. मावशींना ती क्षणभर ओळखूच आली नाही.

"उठवतच नव्हतं, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मला नियम माहीत होता. तीन दिवस गेलं नाही की कुणीतरी बघायला येतं. मी वाट बघत होते. चौथ्या दिवशी तर केससुद्धा विंचरून ठेवले होते." तिनं केसांवरून हात फिरवला. "मग वाटलं, मी नाहीये हे कुणाला कळलंच नाही."

खोटं बोलणं सोपं होतं. फोन बिघडला होता म्हटलं असतं तरी चाललं असतं. मावशींना ते सुचलंही. पण तिच्या डोळ्यांकडे बघून जीभ रेटेना.

"तुझ्या सह्या मी करत होते गं."

पोरगी एक पाऊल पुढे आली.

"आजची पण?"

"आजची पण," मावशी म्हणाल्या आणि तिथंच उंबऱ्यावर मट्‌कन खाली बसल्या.