मोकळ्या केसांच्या बाईचं नाणं

यासीनभाईंनी ते नाणं घासलं नव्हतं.
मी घासलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. चार दिवस लिहू की नको चाललंय. बीपी वाढलंय. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, एका बोटाने टाईप करतोय.

पण परवा नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं, "राजिवड्याच्या त्या म्हाताऱ्याने लाखात एक नाणं स्वतःच्या हाताने घासून मारलं." खाली हसण्याचे इमोजी.

तेव्हापासून घास उतरत नाही.

माझे जुने दोस्त यासीनभाई जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. बाकीचे खलाशी परदेशातून टेप, सेंट, घड्याळं आणायचे. हे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी शोधत फिरायचे. सगळ्यात जुना एक डॉलर, सतराशे पंच्याण्णव सालचा. त्यावर मोकळ्या केसांची बाई. वांग्याच्या सालीसारखी काळीनिळी पडलेली.

घरचे म्हणायचे, डुप्लिकेट आहे. मुलगा जुबेर दुबईहून फोनवर सांगायचा, "अब्बा, तुम्हाला कुणीतरी फसवलंय."

मरण्याआधी एका जाणकाराच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं, की खरं आहे. बस्स.

हार्टच्या ऑपरेशनला मुंबईला जाताना त्यांनी डबी माझ्याकडे दिली.

"लॉकरमध्ये ठेवा ना भाई. मला झोप लागणार नाही."

"लॉकरमध्ये ती एकटी पडंल. आणि बाळ्या, तुला तशी तरी झोप कुठं लागते? बस राखण करत. फक्त कडेला धर. तोंडाला बोट लावू नको, परक्याची बाय हाय."

मध्ये दिवाळी आली.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे घरातली सगळी चांदी आमसुलाच्या पाण्यात भिजवून रांगोळीने घासतात. आईपासूनची रीत. मला वाटलं, घरात आलेली चांदी काळी कशी पाटावर ठेवायची? त्यात भाईंचं ऑपरेशन. देवीपुढे त्यांचं काहीतरी असावं.

सुमन, माझी बायको, म्हणाली, "अहो, त्यांना विचारलंत का?"

"आजारी माणसाला काय विचारायचं," म्हटलं आणि बसलो घासायला. चांगला अर्धा तास. आरशासारखं लख्ख केलं.

खूष झालो होतो मी.

भाई बरे होऊन परत आले. मुंबईचा जाणकार ज्या दिवशी यायचा होता, त्याच दिवशी मी डबी घेऊन गेलो. त्यांच्यासमोरच उघडली.

जाणकाराने भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"नाणं खरं आहे."

भाईंनी डोळे मिटले.

"पण मेलंय. दोनशे वर्षांची काळी कातडी घासून सोलून काढलीय कुणीतरी, सगळी किंमत गेली. कोण गाढव हे?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच," भाई म्हणाले. "ईदला घासलं."

"चाळीस वर्षं जमवताय आणि एवढं कळत नाही?"

"नाय कळलं."

मी तिथेच बसलो होतो. समोर आलेला चहा प्यायलो.

पुढे चार महिने रोज त्यांच्याकडे जायचो. आज बोलायचंच, असं ठरवून जायचो. मग माशांचे भाव, लाईटबिल, माझी शुगर, असलं काहीतरी बोलून परत.

शेवटी त्यांनीच विचारलं. पडूनच होते.

"बाळ्या, ती परत काळी व्हायला किती वर्षं लागतील रे?"

"दोनशे."

"मग आपण दोघं नाय बघणार."

हसले. खोकला आला. मी पाणी दिलं. आठवड्याने गेले.

जुबेर, तुझ्या अब्बांना कुणी फसवलं नव्हतं. नाणं खरं होतं. ते बिघडवलं मी, आणि गप्प बसलो तोही मीच. ही पोस्ट त्या ग्रुपवर टाक. माझ्या नावासकट.

मागच्या महिन्यात तू घरी आलास आणि डबी उघडून दाखवलीस तेव्हा मी बोललो नाही, पण बघितलं. आपल्या खाऱ्या हवेने बाईच्या केसांत थोडं काळं धरायला लागलंय.

ते कुणाला पुसू देऊ नको.

यासीनभाई, उशीर झाला. सलाम.