चावीकाकी आणि नऊ कुलपं

चावीकाकी आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. कमरेला खोचलेला नऊ चाव्यांचा जुडगा पावलागणिक वाजायचा. पोलादपूरच्या बाजारपेठेत तो आवाज आला, की पानवाला घड्याळाकडे न बघता म्हणायचा, "सहा वाजले." आणि खरंच वाजलेले असायचे. पाऊस असो, लाइट गेलेली असो, काकी संध्याकाळी सहाला गावातली कुलपं उघडायला निघणार म्हणजे निघणार.

मी मूळचा दासगावचा. बायकोला पोलादपूरच्या शाळेत नोकरी लागली म्हणून बिऱ्हाड इकडे हलवलं. स्वतः महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे पाण्याच्या बाटलीवरसुद्धा ‘पाणी’ असं लेबल लावल्याशिवाय आम्हाला चैन पडत नसे. असा मी, आणि काकींच्या चाव्यांवर एक अक्षर लिहिलेलं नाही! प्रत्येक चावीला कापडाची एकेक चिंधी बांधलेली. वाचनालयाला हिरवी, कॅरमच्या खोलीला निळी, समाजमंदिराला डाळिंबी, बागेतल्या झोपाळ्याच्या साखळीला पिवळी. वाचनालय हिरवं का, नि झोपाळा पिवळा का, याची संगती मी वर्षभर लावत होतो. शेवटी विचारलंच. काकी म्हणाल्या, "अरे, वाचनालयाची चावी हातात आली तवा मी हिरवा लुगडा नेसले होते. झोपाळ्याची आली तवा पिवळा. सोपा हाय." ते फक्त त्यांना सोपं होतं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव ‘केमिकल’ ठेवलं, ते कायमचं.

त्यांचा एक नियम होता. कॅरमची खोली हवी, भजनी मंडळाच्या पेटी-तबल्याचं कपाट हवं, नाटकाच्या तालमीला समाजमंदिर हवं, काहीही हवं असलं तरी चावी कुणाच्या हातात पडायची नाही. "चावी नाय मिळायची. दार उघडून मिळेल." मग त्या स्वतः चालत यायच्या, दार उघडायच्या आणि उघडलंच आहे म्हणून आत बसायच्या. त्यामुळे गावातला असा एकही कार्यक्रम नव्हता, ज्याला काकी हजर नव्हत्या. कॅरम त्यांना खेळता येत नव्हता, पण बोलता येत होता. आम्ही पहिल्या पाळीवरून आलेली चार माणसं बोर्डाभोवती बसलो, की मागून आवाज यायचा, "राणी घेतलास रे मोठ्या तोऱ्यात. आता कव्हर कोन देनार, तुझा बापूस?" पुढची सोंगटी हमखास चुकायची.

वाचनालयात पेपर यायचे तीन आणि वाचणारे पंधरा. काकींनी त्यावर तोडगा काढला. पेपर सुटा करायचा, एकेकाला एकेक पान द्यायचं आणि थोड्या वेळाने टाळी वाजवून म्हणायचं, "पान बदला!" झालं असं, की पहिल्या पानावरची बातमी ‘उर्वरित पान सातवर’ म्हणून अर्धी राहायची आणि सातवं पान तोवर भलत्याकडेच गेलेलं असायचं. आमच्या गावात मंत्रिमंडळ पडलं हे निम्म्या लोकांना माहीत होतं, आणि का पडलं हे उरलेल्या निम्म्यांना. मग ती दोन टोकं जुळवायला सगळे वाचनालयाच्या पायरीवर जमायचे आणि साडेसात कधी वाजायचे ते कळायचं नाही.

झोपाळ्याचं तर आणखीनच विपरीत. बागेत पोरं रांग लावून उभी असायची आणि काकी साखळी सोडून पहिल्यांदा बसवायच्या त्या म्हाताऱ्यांना. वाड्यावस्त्यांवरून बाजाराला उतरलेल्या, पाठीला बाक आलेल्या बायका लाजत लाजत बसायच्या, आणि दोन झोके झाले की अशा हसायच्या, की पोरंच त्यांना धक्का द्यायला पुढे व्हायची. कुणी तक्रार केली तर काकी म्हणायच्या, "पोरांना जनमभर झोका हाय. हिला आता कितीसा हाय?"

अशी ही बाई. नवरा मुंबईत एका कँटीनमध्ये आचारी होता, तो तिथेच वारला. मुलीच्या शिक्षणासाठी काकी डोंगरावरच्या वाडीतून खाली उतरल्या आणि मुलगी शिकून लग्न होऊन कल्याणला गेली. काकी दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. आणि मला वाटलं, गावाने या बाईचा कधी सत्कार केला नाही, तो करायला हवा. इथपर्यंत माझं काही चुकलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. पुढे काय चुकलं, ते मात्र नक्की सांगता येत नाही.

वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला होता. शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र असं ठरलं. सन्मानपत्राचा मजकूर माझ्याकडे आला. माझी सवय वाईट. नावाखाली मी लिहिलं, ‘पद’, आणि पुढे रेघ ओढली. ‘नेमणूक कोणी केली’, पुढे रेघ. त्या रेघा भरायला मी वाचनालयाच्या लोकांकडे गेलो. ते म्हणाले, काकी समाजमंदिराच्या. समाजमंदिरवाले म्हणाले, छे, त्या तर बागेच्या. बागेची झाडं बघणारे म्हणाले, भजनी मंडळाने नेमल्यात ना? भजनी मंडळाच्या बुवांनी टाळ खाली ठेवले आणि मलाच विचारलं, "म्हणजे त्या वाचनालयाच्या नाहीत?" चार दिवस फिरून माझ्या लक्षात आलं, की चावीकाकींना कुणीही नेमलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने नेमलंय, आणि त्या भरवशावर प्रत्येकाने आपलीही चावी देऊन टाकलेली.

मी ही गंमत म्हणून चार लोकांना सांगितली. ती गंमत गावातल्या सार्वजनिक जागांसाठी नव्यानेच झालेल्या देखरेख समितीच्या चिटणीसभाऊंच्या कानावर गेली, आणि तिची गंमत राहिली नाही. भाऊ निवृत्त हेडक्लार्क. माणूस सरळ, पण कागद नसला की त्यांना घाम फुटायचा. "नऊ सार्वजनिक कुलपं, आणि चाव्या एका खाजगी व्यक्तीकडे? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" सत्काराच्या दिवशी काकींना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि त्याच मंचावर भाऊंनी हात पुढे केला. काकींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग कमरेचा जुडगा काढून भाऊंच्या हातावर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

भाऊंनी चिंध्या कात्रीने कापल्या आणि चाव्यांना पितळी बिल्ले लावले, एक ते नऊ. समितीची खोली उघडायची अकराला आणि बंद व्हायची पाचला. रविवारी सुट्टी. म्हणजे माणसं मोकळी व्हायची तेव्हा गाव बंद. त्यातून बिल्ले लावताना कुठेतरी गफलत झाली आणि तीन नंबरची चावी तीन नंबरचं कुलूप सोडून बाकी काहीही उघडू लागली. भजनी मंडळाच्या बायका एस.टी. स्टँडच्या बाकावर टाळ्यांच्या तालावर भजन म्हणायच्या आणि कशेडी घाटाकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा त्यात मिसळायची. कॅरमवाले आम्ही संध्याकाळी घरी बसू लागलो. बायको म्हणाली, तुम्ही इतका वेळ घरी असता हे मला सोसत नाही. झोपाळ्याची साखळी गंजली.

मी काकींची माफी मागायला गेलो. त्या दारात बसल्या होत्या. सहा वाजले आणि त्या उठल्या, पदर खोचला, कमरेला हात लावला, आणि पुन्हा बसल्या.

"काकी, माझं चुकलं."

"तुझा काय चुकला? शाल बरी हाय. उबदार हाय."

"पण पहिली चावी तुम्हाला दिली कुणी? मला कुणीच सांगेना."

त्या हसल्या. "सुधीरभाऊने. वाचनालयाचा पयला सेक्रेटरी. मी रस्त्याने जात होते. तो कुलूप लावून उभा. म्हनाला, काकी, जरा ठेवा, आलोच. तेवढ्यात येष्टी आली, तो चढला. मी उभी, आता येल, मग येल. सांज झाली. लोकं पेपर वाचायला आली. मग काय करनार? दार उघडला."

"आणि सुधीरभाऊ?"

"त्याला मुंबईत नोकरी लागली. झाली की अठरा वर्सं."

"म्हणजे परत आलेच नाहीत?"

"येतो की! दर गनपतीला येतो. माझ्याकडं चाय पितो."

मी चक्रावलो. अठरा वर्षं तो माणूस दर गणपतीला येऊन चहा पितो, आणि चावी समोर असते! "मग तुम्ही दिली का नाही?"

"त्याने मागितली नाय."

"अहो, पण तुम्ही द्यायची!"

काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "येडा हायस काय रे, केमिकल? दिली असती, तर सांज झाली की मी कुठं गेले असते?"

इतके दिवस मी समजत होतो, की ही बाई गावासाठी राबते. त्या दारात ते सगळं उलटंपालटं झालं, आणि मी तिच्याकडून काय काढून घेतलंय हेही तेव्हा कळलं.

सुटका मात्र चिटणीसभाऊंनीच केली. पाचनंतर लोक चावीसाठी त्यांच्या घरी जाऊ लागले. जेवताना एक, आंघोळीच्या वेळी दोघं, सिरीयल ऐन रंगात असताना अख्खी नाटकमंडळी. दोन महिन्यांत माणूस वाळला. एका संध्याकाळी मी काकींच्या दारात होतो, तर भाऊ जुडगा घेऊन आले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "काकी, जरा ठेवा. आलोच." आणि जे गेले, ते चाव्यांसाठी पुन्हा त्या दारात आले नाहीत. काकींनी पितळी बिल्ले काढून मला दिले आणि कपाटातून जुनं लुगडं फाडायला घेतलं. मी बघतो तर नऊच्या नऊ चाव्यांना एकच तपकिरी चिंधी!

"काकी, आता ओळखणार कशा?"

"सगळ्या आजच हातात आल्या, आनि आज मी हाच रंग नेसलेय," त्या म्हणाल्या. आणि सहाला बरोब्बर निघाल्या. एकही चावी चुकली नाही.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मुलगी कल्याणहून न्यायला आली. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो, सामान उचलायला स्टँडवर गेलो. गाडी लागली. काकी चढून खिडकीशी बसल्या, मग काहीतरी आठवल्यासारखं कमरेचा जुडगा काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. "ठेव रे जरा. आलेच."

तेव्हापासून सहाला मी निघतो. चिंध्या सगळ्या तपकिरी, त्यामुळे प्रत्येक कुलपाला सगळ्या चाव्या लावून बघतो. लोक तोवर पायरीवर गप्पा मारतात. लेबलं आणून ठेवली आहेत, लावलेली नाहीत.

गेल्या गणपतीला काकी आल्या. काठी टेकत माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या. समोरच्या खिळ्याला जुडगा होता. त्यांनी बघितला. त्यांनी बघितला हे मी बघितलं.

"कुलपांना तेल घालतोस?"

"घालतो."

"बरा करतोस."

बायकोने चहा आणला. त्या बशीत ओतून सावकाश प्यायल्या. त्यांनी चाव्या मागितल्या नाहीत. मी दिल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि सहा वाजायला आले होते. दारात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "येते रे, केमिकल," म्हणाल्या आणि गेल्या. माघात मुलीचा फोन आला, काकी गेल्या म्हणून.

त्या दिवशी त्यांना तो जुडगा हवा होता का? एकदा, एका संध्याकाळपुरता, पुन्हा कमरेला? की सुधीरभाऊंना इतकी वर्षं जे कळत होतं आणि म्हणून ते मागत नव्हते, तेच काकींना माझ्याकडे बघून कळलं होतं? मी पुष्कळ विचार करतो, मला उलगडत नाही. सहा वाजले की उठतो आणि जुडगा कमरेला खोचतो.