दीडशेचा कप, दोनशेचा कप

आमचे मामा वजनमापे निरीक्षक होते. लिटरमागे पाच मिली कमी भरलं तरी दुकानदाराची खैर नसे. अशा माणसाने म्हातारपणी घरातच खोटं माप चालवावं? चालवलं हो! मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे. साक्षीदार मीच, आणि सांगायला लाज वाटते, साथीदारही मीच.

झालं असं, की मामांचं हृदय दमलं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली. दिवसभरात किती प्यायचं, ते डॉक्टरांनी मामीला बाजूला घेऊन सांगितलं. घरी येऊन तिने फर्मान काढलं, "नऊशे मिली. चहा, पाणी, दूध, सगळं धरून."

मामांनी लगेच आपलं रेषा आखलेलं काचेचं भांडं काढलं. रोजचा निळ्या फुलांचा कप बरोब्बर दीडशेचा निघाला. "म्हणजे सहा कप," ते म्हणाले आणि तोंड पाडून बसले.

चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी मला स्वयंपाकघरात ओढलं. फडताळात मागे त्यांना तशाच निळ्या फुलांचा कप सापडला होता, जरा ढब्बू. मोजला तर दोनशेचा!

"सहाच कप ना? सहाच पिईन," मामांनी डोळे मिचकावले.

"मामा, परत पाय सुजले तर?"

"तू मामीला बोलू नकोस, झालं."

आणि मी गाढव, गप्प बसले. पण रोज सकाळी पेपर उचलायच्या निमित्ताने वाकून त्यांचे पाय बघायचे. महिनाभर जीव टांगणीला लागला होता माझा.

महिन्याने आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, वजन पाहिलं आणि खूश झाले. "शाब्बास आजोबा! बाराशे मिली अगदी काटेकोर पाळलेत."

"बाराशे?" मामा मामीकडे वळले. "तू तर नऊशे म्हणालीस!"

"बाराशे सांगितले असते तर तुम्ही पंधराशे प्यायला असता," मामी शांतपणे चष्मा पुसत म्हणाली. "तुमच्या चोरीचे तीनशे मी आधीच वजा केले."

"आणि तो कप?"

"तो शोधायला चार दुकानं पालथी घातली. फुलं जुळायला नकोत?"

आता मामा चिडणार, असं मला वाटलं. पण बाहेर आल्यावर त्यांनी मामीच्या पायांकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "चार दुकानं? या गुडघ्यांनी?"

"मग? नवरा हवाय मला अजून," मामी म्हणाली. "उद्यापासून दीडशेचे आठ कप. ढब्बू कप माझा."