बावीस मिलिमीटरचा दांडा आणि काठोकाठ ताक

माझ्या सासूबाई सत्तेचाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या गाडीतून उतरल्या, त्या पुन्हा तिच्यात बसल्याच नाहीत.

घटना खंडाळ्याच्या घाटातली. लग्नाला आठ दिवस झाले होते आणि अण्णांना (म्हणजे सासऱ्यांना) नव्या बायकोला आपली गाडी आणि आपलं ड्रायव्हिंग एकदमच दाखवायचं होतं. गाडी लाल, दोन दरवाजांची, दोनच माणसांची, विलायतेत जन्मलेली स्पोर्ट्स कार. एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली. अण्णा प्रत्येक वळण शर्यतीत असल्यासारखं घेत होते आणि गाडी प्रत्येक वळणावर बुडत्या होडीसारखी एका अंगावर कलत होती. चौथ्या वळणावर आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) सकाळचे पोहे नव्या शालूवर परत केले. मग त्या शांतपणे खाली उतरल्या आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. पुण्याला अण्णा गाडीने पोचले आणि आई एसटीने. एसटी आधी पोचली, असं आई म्हणतात.

तेव्हापासून हीच पद्धत पडली. गिरगाव सोडून सगळे भाईंदरला जेसल पार्कमध्ये आलो तरी ती मोडली नाही. कुठलंही लग्न, मुंज, बारसं असो. अण्णा लाल गाडीतून जाणार आणि आई मागून रिक्षाने. अण्णांच्या डोक्याला चपटी टोपी, हातात कातडी मोजे. (हे मोजे ते दूध आणायला जातानाही घालतात. दूध सोसायटीच्या फाटकावर मिळतं.)

यंदा अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. जन्म तिथीने दसऱ्याचा. श्रावणात एके दिवशी ते आमच्याकडे, एक मजला वर, चढून आले. खुर्चीत बसले. टोपी काढली. ते टोपी काढतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"मकरंदराव, मला काही नको. सत्कार नको, शाल नको. फक्त तिने एकदा माझ्या शेजारी बसावं. उत्तनपर्यंत. समुद्र बघू आणि परत येऊ."

मला भरून आलं. माणसाला भरून आलं की तो वाटेल ते बोलतो. मी म्हणालो, "अण्णा, ते माझ्यावर सोडा."

माझी बायको वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "संपलं!"

तिच्या या उद्गाराला इतिहास आहे. मी सगळं पुस्तकं वाचून शिकलेला माणूस आहे. पोहणंसुद्धा पुस्तकावरून शिकलो. त्यामुळे आजही तलावावर जाताना मी फक्त पुस्तक नेतो. तर मी वाचायला बसलो. तिसऱ्या दिवशी मला रोगाचं निदान आणि औषध दोन्ही सापडलं: स्वे बार! आपल्याकडचे मेस्त्री त्याला स्टॅबिलायझरचा दांडा म्हणतात. पोलादाचा एक लांब, दोन्हीकडे वाकवलेला दांडा असतो. त्याचं एक टोक डाव्या चाकाच्या बाजूला घट्ट करायचं, दुसरं उजव्या. वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली की हा दांडा आडवा येतो. एकाला खाली बसायचं असेल तर दुसऱ्यालाही घेऊन बस, असं म्हणतो. थोडक्यात, लग्न.

अण्णांच्या गाडीला जन्मतःच असा दांडा नव्हता.

आता प्रश्न जाडीचा. एकोणीस मिलिमीटर, बावीस की पंचवीस? बारीक घेतला तर फरक पडत नाही. पुढे फार जाड बसवला तर गाडी कलत नाही, पण नीट वळतही नाही. तत्त्वनिष्ठ माणसासारखी सरळ समोरच्या भिंतीवर जाते. मी लॅपटॉपवर सात रकान्यांचा तक्ता केला. पोकळ की भरीव, रबरी पकड की प्लास्टिकची, गाडीचं वजन, अण्णांचं वजन. आईंचं वजन विचारायला खाली गेलो, तिथून लवकर परत आलो.

शेजारच्या परेशभाईंनी तक्ता पाहिला. त्यांचं कापडाचं दुकान आहे, पण ज्ञान सर्वत्र आहे.

"मोटा लो, मकरंदभाई, मोटा! मोटा मतलब मजबूत."

"पण परेशभाई, जाडा लिया तो गाडी मुडेगी नहीं."

"तो सीधे रस्ते से जाओ ना!"

मग मी खारी गावात हरेश मेस्त्रीकडे गेलो. अण्णांची गाडी वीस वर्षं हाच बघतो. त्याने तक्ता हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि परत दिला.

"साहेब, गाडीचा काय न्हाय. अण्णांचा पाय जड हाय. त्यांना वलनावर जरा हलू चालवायला सांगा."

मी त्याच्याकडे कणवेने पाहिलं. बिचारा! हाताने काम करणाऱ्या माणसाला सिद्धांत कळत नाही, त्याचा काय दोष?

सव्वा महिना अभ्यास करून, सात रकाने भरून, मी अखेर बावीस मिलिमीटरचा दांडा निवडला. (वृंदाचं म्हणणं, तीनमधला मधला निवडायला तक्ता लागत नाही, शर्ट घेतानाही मी मीडियमच घेतो.) परदेशातून मागवला आणि घरात जाहीर केलं की दसऱ्याला आई गाडीत बसणार.

आईंनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं.

"बसेन की. पण आधी ताक बसेल."

"म्हणजे?"

"तांब्याभर ताक, काठोकाठ. माझ्या जागेवर ठेवायचं. हवं तर खाली चुंबळ देते. उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीची वळणं फिरवून आणा. थेंब सांडला नाही तर मी बसेन. सांडला तर पुन्हा विषय काढायचा नाही. अहो, ऐकलंत ना?"

अण्णांनी मान डोलावली. आता सगळं माझ्या दांड्यावर होतं.

दांडा यायला हवा होता नवरात्राच्या आधी; आला खंडेनवमीच्या सकाळी. मी तो आणि गाडी घेऊन खारीला धावलो. हरेश गाडीखाली शिरला. मधल्या पकडी बसल्या, डावं टोक बसलं, उजव्या टोकाचा नट तेवढा आवळायचा राहिला आणि हरेशची आई हातात झेंडूची टोपली घेऊन दारात उभी राहिली.

"हरेश, आन ती हत्यारं. पूजेचा टाईम झाला."

हरेश गाडीखालून बाहेर आला आणि पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर गोळा करू लागला.

"अरे, एक नट राहिलाय!"

"साहेब, आता हत्यार पूजेला बसलं. उद्या सांजच्याला पूजा उठली का मंग हात लावायचा."

"उद्या सकाळी जायचंय रे! एकच नट!"

"एक काय, अर्धापन न्हाय," म्हातारी म्हणाली. "वरीसभर राबतात ती. एक दिस निजू दे त्यांना."

नट मी खिशात टाकला आणि म्हटलं, नटच तर आवळायचाय! अण्णांच्या पेटीतला पाना घेऊन मीच आवळतो. गाडी हळूहळू घरी आणून पार्किंगमध्ये लावली आणि सासूबाईंच्या दारात उभा राहिलो.

"आई, अण्णांची हत्यारांची पेटी?"

आईंनी देवघराकडे बोट दाखवलं. पाटावर पेटी उघडी होती. पाने, पक्कड, हातोडी, शेजारी विळी, कात्री, अण्णांची दाढीची पेटी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आणि मधोमध माझा लॅपटॉप, तक्त्यासकट!

"हा कधी आणलात?"

"वृंदाने दिला. म्हणाली, त्याचं हत्यार हेच."

मागायचं धाडस झालं नाही. परेशभाईंकडे गेलो, त्यांच्याकडे एकच पाना होता आणि तोही तिजोरीशेजारी कुंकू लावून बसला होता. संपूर्ण भाईंदरमध्ये त्या दुपारी एकही लोखंड कामावर नव्हतं.

शेवटी मी गाडीखाली पाठीवर सरकलो, नट जागेवर धरला, त्याला रुमाल गुंडाळला आणि हाताने पिळला. दात ओठ खाऊन पिळला. माझे दात, माझे ओठ आणि नट यांपैकी नट सर्वात कमी आवळला गेला, हे मला नंतर कळलं. बाहेर आलो आणि अण्णांना सांगितलं, "फिट्ट!"

दसऱ्याच्या सकाळी गाडीला तोरण बांधलं. अण्णा टोपी, मोजे घालून बसले. आईंनी शेजारच्या जागेवर चुंबळ मांडली, तिच्यावर तांब्या ठेवला आणि वरून शेवटची वाटी ओतून ताक अगदी काठाला आणलं. गाडी दोघांची, आणि दुसरं माणूस ताक असल्यामुळे वृंदा आणि मी स्कूटरवरून मागे निघालो.

गाडी निघाली. पुढून आवाज आला: टक्, टक्, टक्.

"हे काय वाजतंय रे?" वृंदाने विचारलं.

"नवा दांडा आहे," मी म्हणालो. "रुळतोय."

पूल ओलांडून पश्चिमेला आलो. मुर्धा आलं, राई आलं. अण्णांना भरधाव बघायची सवय असलेल्या मला काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं. आमची स्कूटर पडेल की काय इतकी हळू चालली होती. मला मधूनमधून पाय टेकावा लागत होता. एक रिक्षा पुढे गेली. मग एक सायकलवाला पाववाला पुढे गेला. मग एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन शेजारून चालत गेली. जाताना तिने गाडीत वाकून ताकाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि विचारलं, "बंद परली काय, बाबा?"

डोंगरीची वळणं आली. अण्णा प्रत्येक वळणाआधी थांबल्यासारखे होत, मान वळवून तांब्याकडे बघत, मग झोपलेल्या बाळाचा पाळणा हलवावा तसं स्टीअरिंग फिरवत.

"बघितलंस?" मी वृंदाला म्हणालो. "गाडी जरासुद्धा कलत नाहीये! बावीस मिलिमीटर!"

"चालत्ये का ते बघ आधी," वृंदा म्हणाली.

परत आलो तेव्हा आई फाटकातच उभ्या होत्या. त्या तांब्यावर वाकल्या. चुंबळ बोटाने दाबून पाहिली. कोरडी! त्यांनी पदर खोचला, तांब्या उचलून माझ्या हातात दिला आणि गाडीत बसल्या. सत्तेचाळीस वर्षांनी! अण्णांनी कातडी मोजा ओढून घट्ट केला आणि गिअर टाकला.

त्या दोघांच्या मागे आम्ही पुन्हा उत्तनला गेलो. तोच वेग, तीच टकटक. राईच्या पुढे आईंचा आवाज आम्हाला मागेपर्यंत ऐकू आला: "अहो, चालवा की जरा! माणसं चालत पुढे जातायत!" समुद्राजवळ दोघं उतरले. अण्णांनी टोपी काढली आणि आईंच्या डोक्यावर ठेवली. आईंनी ती राहू दिली. मी वृंदाकडे पाहिलं. ती नाक पुसत होती. म्हणाली, सुक्या मासळीचा वास आहे.

दुपारच्या श्रीखंडावर मी छोटंसं भाषण केलं. विषय: पोलादाची लवचिकता आणि योग्य निवडीचं महत्त्व. परेशभाईंनी टाळ्या वाजवल्या. भाषण वीस मिनिटं चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजा उठली तेव्हा, लॅपटॉप घ्यायला मी देवघरात गेलो. पाटावर पक्कड आणि कात्रीच्या मधोमध, हळदकुंकू लावलेला, झेंडूची पाकळी डोक्यावर घेतलेला एक नट बसला होता. मी त्याला ओळखलं. त्याला विसरणं शक्य नव्हतं. माझ्या तळहातावर अजून त्याचे वळ होते.

"आई... हा कुठे मिळाला?"

"काल तुम्ही ताक घेऊन गेलात ना, तेव्हा पार्किंगमध्ये पडलेला दिसला. म्हटलं, लोखंड आहे म्हणजे हत्यारच असणार. आणून ठेवला पूजेत."

"आणि तुम्ही... नट पडलेल्या गाडीत बसलात?"

"गाडीवर माझा विश्वास कधीच नव्हता, मकरंदराव. मी ताकावर विश्वास ठेवून बसले."

अण्णा आणि मी गाडी घेऊन खारीला गेलो. हरेश खाली वाकला आणि तिथूनच बोलला.

"साहेब, ह्याचा उजवा टोक मोकला हाय. एक बाजू सुटली का दांडा काय कामाचा न्हाय. हा कालपास्नं निस्ता बसून फिरतोय!"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा मोज्यांची बोटं नीट करत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"साधारण अर्धं शतक चालवतोय हो ही गाडी. टकटक कसली ते पुलावरच कळलं. म्हटलं, आता दांडा नाही. तांब्या आणि मी." मग हळूच म्हणाले, "इतकी वर्षं वळणाकडेच बघत होतो. शेजारच्या जागेकडे बघून गाडी चालवायची असते, हे कोणी सांगितलंच नव्हतं."

सांगितलं होतं. हरेशने. मी त्याला बिचारा म्हणून तक्त्याकडे परतलो होतो.

आता दर रविवारी दोघं उत्तनला जातात. दांड्याचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. हरेश म्हणाला, नट आवळून देतो. अण्णा म्हणाले, नको. आवळलास तर माझा पाय पुन्हा जड होईल. मी म्हणालो, मग काढूनच टाकू. त्यावर आई म्हणाल्या, "काढायचा नाही. जावयांनी हौसेने आणलाय. बिचारा कोणाला काय करतोय?"

म्हणून हरेशने त्याचं सुटलेलं टोक तारेने नीट बांधून दिलं. दांडा अजून गाडीत आहे: एका बाजूने धरलेला, काडीचं काम न करणारा, खड्डा आला की तेवढा आवाज करणारा, आणि तरीही दसऱ्याला ज्याला हळदकुंकू लागणार आहे असा. सासरी माझंही नेमकं हेच स्थान आहे, असं वृंदा म्हणते. फक्त त्याची जाडी बावीस मिलिमीटर आहे. माझ्यासाठी, ती म्हणते, पंचवीसचा रकाना लागेल.