टायमिंगचा ठिपका

माझी फजिती मीच सांगतो गड्यांनो, दुसऱ्या कुणी सांगितली तर मीठमिरची लावंल.

पलटणीत मी वीस वर्सं गाड्या दुरुस्त केल्या. आता पलूसला गॅरेज हाय. जुनं इंजिन उघडायचं म्हटलं की माणसं मलाच हुडकत येत्यात. त्याचा मला गर्व हाय, न्हाई कशाला म्हणू?

उंब्रजच्या जाधवबाई, रिटायर हेडमास्तरीण. मालकांच्या माघारी त्यांची जुनी गाडी बाईंनी जपलेली. रविवारी लेकीची पाठवणी तिच्यातनंच करायची हुती. टायमिंगची चेन आन दातेरी चाकं झिजल्याली, म्हणून सांगलीतनं नवी आणली.

आता ह्या दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. ठिपक्यासमोर ठिपका आणायचा, मग चेन चढवायची. चुकलं तर पिस्टन व्हॉल्ववर आदळून इंजिनचा चुराडा.

खालचा ठिपका घावला. वरचा काय घावंना. रॉकेलनं धुतलं, चष्मा बदलला, बायकोला बॅटरी धरून उभी केली. न्हाईच.

लगेच दुकानात फोन लावला. "मावशी, बिनखुणेचा माल खपवताय व्हय?"

दुकानवाल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "घिऊन या, बघू."

चाक काढलं, फडक्यात गुंडाळलं आन मोटारसायकलवर थेट सांगली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं. मी सगळ्यांना टायमिंग म्हंजे काय, ते इस्कटून सांगितलं. मावशींनी समदं ऐकून घेतलं, चाक हातात घेतलं आन काऊंटरवर पालथं केलं.

ठिपका. आंधळ्याला दिसंल असा.

"खूण बाहेरच्या अंगाला ठिवायची असती, भाऊ. तुमी चाक उलटं बसवलं हुतं."

कुणीच हसलं न्हाई. एकानं माझ्यासाठी चहा सांगितला, ते जास्त लागलं.

परत येऊन सरळ बसवलं. शनिवारी बाई आल्या, स्टेरिंगवर बसल्या, चावी फिरवली आन पहिल्या झटक्यात इंजिन चालू. काय आवाज, जणू पाणी वाहतंय. बाईंचे डोळे भरून आले.

"खूण सापडत नव्हती म्हणालात ना?"

"त्याला नजर असावी लागती, बाई." माझी छाती अशी फुगल्याली.

तेवढ्यात फोन वाजला. हाताला ग्रीस, म्हणून बायकोनं स्पीकरवर टाकला. सांगलीच्या मावशी हुत्या.

"काय फौजी, आज कंच्या अंगानं बसवलंसा?"

बाईंनी गाडी बंद केली, खाली उतरल्या आन चारी चाकं सरळ बसवल्यात का, ते वाकून वाकून बघून आल्या.