कोरडा कोळसा

भिवंडीतल्या वडपे गावाजवळच्या नाल्यावरची ती सकाळ आठवली की आजही माझी मान खाली जाते. तिथे मी एका निरपराध माणसाला त्याच्या कामगारांसमोर कॉलर धरून पोलिसांच्या गाडीत घातले होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भिवंडीत तेव्हा पाणी बिघडले की आम्हा पोलिसांची पावले आपोआप डाईंगकडे, रंगाच्या कारखान्यांकडे वळत. नाल्याचे पाणी पिऊन तीन म्हशी दगावल्याची तक्रार आली. नाला लाल वाहत होता आणि काठावर सूत रंगवणारे एक डाईंग होते. मी पुढे काही पाहिलेच नाही.

जबाब देताना डाईंगवाला एकच सांगत राहिला, "साहब, मेरा पानी तो दूर से दिखता है. जो दिखता नहीं, उसको ढूँढो."

"मला शिकवतोस?" मी ओरडलो आणि त्याला कोठडीत पाठवले.

दुसऱ्या दिवशी म्हशींची मालकीण पोलीस ठाण्यात आली. "सायेब, त्या रंगवाल्याला कशाला धरलाव? माज्या म्हशी वरच्या अंगाला पानी पेल्या. लाल पानी तं खालती हाय."

हवालदार हसला, "साहेब, आता म्हशींचा जबाब घेऊ का?"

"घे की! तुज्यापरीस नीट सांगतील," बाई म्हणाली.

मी खुर्चीतून ताडकन उठलो. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांना बोलावले आणि बाईच्या मागोमाग नाल्याच्या वरच्या अंगाला गेलो. तिथे पाणी नितळ होते. एका गोडाऊनच्या मागून पाइप येत होता. पाटी माल साठवण्याची, आत मात्र वेदनाशामक औषधाची पावडर तयार होत होती.

मॅनेजर निवांत होता. "आमचं पाणी शुद्ध करूनच सोडतो, साहेब." त्याने कोळशाची मोठी टाकी दाखवली.

मंडळाचे अधिकारी मला म्हणाले, "औषधाचे अंश डोळ्यांना दिसत नाहीत. सगळं पाणी या कोळशातून गेलं, तरच ते अडकतात."

"झाकण उघडा," मी म्हणालो.

कोपरापर्यंत हात घातला. मूठ वर काढली, तर काळी धूळ भुरभुर उडाली. कोळसा ठणठणीत कोरडा! त्यात पाण्याचा थेंबही कधी गेला नव्हता.

"मग पाणी बाहेर जातं कुठून? बायपास कुठाय?"

मॅनेजरने गोण्यांच्या थप्पीकडे बोट दाखवले. मागे पाइप होता, थेट नाल्यात जाणारा. पंचनामा झाला, नमुने सील झाले. पुढे पाण्यात आणि म्हशींच्या व्हिसेऱ्यात, आतल्या अवयवांच्या नमुन्यांत, तेच औषध सापडले.

ठाण्यात माझे कौतुक झाले. डाईंगवाल्याला सोडताना मी फक्त "जा" म्हणालो. त्याचे सांगणे मी पहिल्याच दिवशी ऐकायला हवे होते. संशय आधी आणि तपास नंतर, ही सवय तेव्हा मला अनुभव वाटत असे.

निवृत्तीनंतर एकदाचा त्याच्या डाईंगमध्ये गेलो. त्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. त्याला मशीन बंद करायला लावले, कामगारांना जवळ बोलावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "इनकी कोई गलती नहीं थी. गलती मेरी थी. भाई, मुझे माफ कर दो."